दूध तेच, आकडे दोन

एम.एस्सी. झाल्यावर मला पहिली नोकरी लागली ती दुधाच्या शीतकरण केंद्रात. कोल्हापूर शहर मागे टाकलं की उसाच्या फडांमध्ये एक पत्र्याची लांबट शेड लागायची, तिच्या टोकाला प्रयोगशाळा. प्रयोगशाळा म्हणजे एक खोली. एक ओटा, एक बेसिन, एक तराजू आणि खिडकीशी उभं केलेलं ब्युरेट, म्हणजे आकडे आखलेली, खाली तोटी असलेली काचेची नळी. कळंब्याला आमचं घर, तिथून मी सकाळी स्कूटीवर निघायची. तिथल्या तलावावरचं धुकं अजून उठलेलं नसायचं. केंद्रावर पोचेपर्यंत बोटं गारठून जायची आणि पहिलं काम असायचं ते गार काचेची उपकरणं हातात धरायचं.

काम कॉलेजात शिकलेलंच होतं. गावोगावच्या दूध संस्थांचे कॅन टेम्पोतून उतरायचे. प्रत्येक कॅनमधलं दूध आधी हुंगायचं, मग थोडं उकळून फाटतं का बघायचं आणि शेवटी त्याचं टायट्रेशन करायचं. दहा मिली दूध पिपेटनं, म्हणजे मोजनळीनं, चंचुपात्रात घ्यायचं, त्यात फिनॉल्फ्थॅलिन या रंगदर्शकाचे दोन थेंब टाकायचे आणि वरून ब्युरेटमधली अल्कली, म्हणजे कॉस्टिक सोड्याचं पातळ द्रावण, थेंब थेंब सोडायचं. दुधातलं आम्ल जिथं संपतं तिथं पुढच्या एका थेंबानं पांढऱ्या दुधावर फिकट गुलाबी छटा येते आणि हलवलं तरी जात नाही. तिथं थांबायचं. किती अल्कली लागली ते ब्युरेटवर वाचायचं, त्याला अल्कलीच्या तीव्रतेनं आणि शून्य पूर्णांक नऊ या ठरलेल्या गुणकानं गुणायचं, आणि दूध किती आंबट आहे ते शेकड्यात मिळतं. आमच्या केंद्राची हद्द होती शून्य पूर्णांक सतरा; बोलताना आम्ही नुसतं सतरा म्हणायचो. त्याच्या वर गेलं की कॅन परत.

कॉलेजात आकडा चुकला तर फार तर गुण जायचे. इथं खिडकीबाहेर टेम्पो घरघरत उभा असायचा, त्यातला माणूस माझ्या तोंडाकडे बघत असायचा आणि माझ्या एका थेंबावर गावातल्या लोकांची सकाळ ठरायची. सुरुवातीला मी घाईघाईत तोटी जास्तच उघडायची.

ती घाई मोडली आमच्या सरांनी. ते प्रयोगशाळेचे प्रमुख. प्रमुख म्हणजे माझ्याशिवाय तिथं दुसरं कुणी नव्हतंच. निवृत्तीला आलेले, उंच, किंचित वाकलेले, बारा महिने अंगात बिनबाह्यांचा स्वेटर. बोलायचे कमी. पहिल्याच दिवशी मी गडद गुलाबी होईपर्यंत अल्कली सोडली तेव्हा त्यांनी चंचुपात्र माझ्या हातातून घेतलं, उजेडात धरलं आणि म्हणाले, "हा रंग नाही, ही रंगपंचमी झाली. मला रंगाची नुसती चाहूल पाहिजे." मग शेजारी उभं राहून मला तोटी अर्ध्या थेंबावर कशी धरायची ते शिकवलं. डाव्या हाताची तीन बोटं तोटीभोवती, उजव्या हातानं पात्र गोल गोल. महिनाभरात मला ते इतकं जमलं की घरी आईला चहात दूध घालतानाही मी पातेलं गोल फिरवत राहायची.

एक गोष्ट मात्र सर माझ्यावर सोपवायचे नाहीत. अल्कली ते स्वतः करायचे. पाणी उकळून गार करायचे, कॉस्टिकच्या गोळ्या तोलायचे, द्रावण मोठ्या बाटलीत भरायचे आणि ऑक्झॅलिक ॲसिडशी ताडून तिची तीव्रता ठरवायचे. बाटलीवर चिठ्ठी लावायचे, शून्य पूर्णांक एक. त्या चिठ्ठीवर माझे सगळे हिशेब उभे असायचे.

आमच्याकडे दूध घालणाऱ्या गावांत एक गाव कुरुंदवाडच्या बाजूचं, नदीकाठचं होतं. तिथल्या संस्थेचे सेक्रेटरी स्वतः टेम्पोबरोबर यायचे. त्यांच्या घरात तीन पिढ्या पिंजाऱ्याचं काम, गाद्या-रजया भरायचं. पुढं तो धंदा बसला आणि यांनी दूध संस्थेचं काम धरलं. सगळं गाव त्यांना चाचा म्हणायचं, म्हणून मीही. आवाज असा, की ते फाटकाशी बोलले तरी मला ओट्याशी ऐकू यायचं. त्यांच्या गावचं दूध म्हशीचं, दाट. पिपेटमधून खाली उतरतानाच कळायचं. त्याचा आकडा इतरांपेक्षा थोडा वर असायचा, पण ते साहजिक होतं. दाट दुधात मुळातच अशी द्रव्यं जास्त असतात जी अल्कली खातात. ताज्या दुधातही ती असतातच. चाचांच्या दुधाचा आकडा पंधराच्या आसपास यायचा आणि तिथंच राहायचा.

दिवाळी होऊन थंडी पडायला लागली तेव्हाची गोष्ट. एका सकाळी चाचांच्या एका कॅनचा आकडा सतराच्या वर गेला. मी पुन्हा केलं. पुन्हा तोच. दूध वासाला बरं होतं, उकळून फाटत नव्हतं, पण नियम आकड्याचा होता. मी कॅन परत केला.

"म्याडम, थंडीत दूध आंबतंय व्हय?" चाचा म्हणाले.

"कॅन नीट धुतले नसतील, चाचा."

"धुतो की ओ. उद्या कडकडीत पाण्यानं धुतो, मग तर झालं?"

दुसऱ्या दिवशी कॅन कडकडीत पाण्यानं धुऊन आले. एक कॅन तरीही परत गेला. त्याच्या पुढच्या दिवशी चाचा कॅन पुढे सरकवून हसत म्हणाले, "आमच्या म्हशीस्नी रातचं कोण चिंच चारतंय, त्येचा शोध लावतोय." तोही परत गेला, तेव्हा मात्र ते हसले नाहीत.

एकदा परत गेलेलं दूध म्हणजे नुसतं दूध नसतं, हे मला त्या आठवड्यात कळलं. गावात चर्चा सुरू झाली, की हे होतंय कुणामुळं. परत येणाऱ्या कॅनमध्ये कुणाकुणाचं दूध असतं ते लोकांनी शोधलं आणि बोट एका बाईकडं वळलं. ती मळ्यात राहायची, गावापासून लांब. त्यामुळे तिचं दूध संस्थेत सगळ्यांत शेवटी यायचं आणि शेवटच्याच कॅनमध्ये पडायचं. लोक म्हणायला लागले, की ही संध्याकाळचं दूध ठेवून सकाळच्यात मिसळते. तोंडावर कुणी म्हटलं नाही. पण एका सकाळी संस्थेत तिची किटली घ्यायलाच नकार दिला.

हे मला चाचांनी सांगितलं नाही. तिनंच सांगितलं. त्यानंतरच्या सकाळी टेम्पोतून चाचांच्या पाठोपाठ ती उतरली. पन्नाशीची असेल. नऊवारीचा काष्टा, पायांत चप्पल, हातात झाकणाला फडकं बांधलेली किटली. सगळे तिला आक्का म्हणायचे. थेट प्रयोगशाळेच्या दारात आली आणि चप्पल काढून आत शिरली.

"दूध बघणारी पोरगी तूच व्हय?"

"हो."

"हे माझ्या म्हशीचं दूध. पहाटं धार काढली, ह्या चाचाला उभा करून काढली, आणि तशीच टेम्पोत बसलो. मधी कुठं किटली उघडली न्हाय. आता सांग मला ह्यात काय हाय ते."

चाचा दारातच उभे होते. "खरं हाय, म्याडम. मी बघितलंय."

मी दूध हुंगलं. गोड वास. परीक्षानळीत उकळलं. फाटलं नाही, वर सायीचा पापुद्रा धरला. मग दहा मिली घेतलं, दोन थेंब टाकले आणि ब्युरेटची तोटी उघडली. आक्का माझ्या खांद्याशी उभ्या होत्या. त्यांच्या लुगड्याला वैरणीचा वास येत होता. एक पूर्णांक सात मिलीला मी रंगाची वाट बघत होते. आला नाही. आठ. नऊ. दोन मिलीला दुधावर फिकट गुलाबी आलं आणि थांबलं. मी मनात गुणाकार केला. अठरा.

"काय झालं?" आक्का म्हणाल्या.

मी ब्युरेटवरची रेघ पुन्हा वाचली. आकडा सांगत होता की दूध आंबट आहे, आणि माझ्या समोरचं दूध आंबट नव्हतं. पहाटेची थंडी, तासा-दीड तासाचा रस्ता. तेवढ्यात दूध इतकं बदलत नाही. चाचा खोटं बोलत असतील असं एक क्षण मनात आलं, आणि त्यांच्याकडे बघितल्यावर गेलं. मग उरली एकच बाजू, माझी.

"आक्का, जरा बाहेर बाकावर बसता का? मला थोडा वेळ लागेल."

"बसतो की. आज कळल्याशिवाय जात न्हाय मी."

त्या बाहेर जाऊन बसल्या. किटली मांडीवर.

मी त्या आठवड्यातल्या सगळ्या गावांचे आकडे बघितले. एकट्या या गावाचा आकडा चढला असता तर दोष गावाचा ठरला असता. पण चढले सगळ्यांचेच होते, थोडे थोडे, दिवसागणिक. गाईचं पातळ दूध घालणाऱ्या गावांचा आकडा मुळात खाली असल्यामुळे चढूनही हद्दीच्या आत राहत होता, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. हद्दीला टेकलेलं होतं ते फक्त चाचांच्या गावचं दूध, कारण ते सगळ्यांत दाट, आणि त्यातही हद्द ओलांडत होता तो आणखी दाट दुधाचा शेवटचा कॅन. आमच्याकडे येणारं सगळ्यांत चांगलं दूध आम्ही आंबट म्हणून परत करत होतो.

सगळ्यांचे आकडे एकदम चढायचे तर एकच कारण. अल्कली चिठ्ठीवर लिहिलीय तेवढी तीव्र राहिलेली नाही. ती हलकी पडली असेल तर तेवढ्याच आम्लाला जास्त अल्कली लागणार, आणि मी तिला जुन्याच तीव्रतेनं गुणणार. दूध होतं तसंच, फक्त आकडा फुगणार.

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला हे शिकवतात. आम्लाचं आकारमान गुणिले त्याची तीव्रता, बरोबर अल्कलीचं आकारमान गुणिले तिची तीव्रता. चारातल्या तीन गोष्टी माहीत असल्या की चौथी निघते. मी हे गणित परीक्षेत कितीतरी वेळा सोडवलं होतं, पण त्याच्या उत्तरासाठी बाहेर बाकावर कधी कुणी थांबलं नव्हतं.

ऑक्झॅलिक ॲसिडची बाटली सरांच्या कपाटात होती. त्याचे स्फटिक हवेत बदलत नाहीत. नीट तोलून ठराविक पाण्यात विरघळवले की त्या द्रावणाच्या तीव्रतेवर विश्वास ठेवता येतो. मी तोललं, विरघळवलं, शून्य पूर्णांक एक तीव्रतेचं द्रावण केलं. त्यातलं दहा मिली पात्रात घेतलं. अल्कली चिठ्ठीप्रमाणे असेल तर तिचेही दहाच मिली लागायला हवे होते. मी तोटी उघडली. दहाला पात्र पाण्यासारखं स्वच्छ. अकरालाही स्वच्छ. अकरा पूर्णांक आठला गुलाबी आलं.

पुन्हा केलं. अकरा सात. आणखी एकदा. अकरा आठ.

दहा गुणिले शून्य पूर्णांक एक, भागिले अकरा पूर्णांक आठ. शून्य पूर्णांक शून्य आठ पाच, जवळजवळ. तीव्रतेचा सातवा हिस्सा कुठंतरी नाहीसा झाला होता. त्या खऱ्या तीव्रतेनं मी आक्कांच्या दुधाचा हिशेब पुन्हा मांडला. अठराचे पंधरा झाले.

खिडकीतून बाहेर बघितलं. आक्का तशाच बसल्या होत्या. चाचा टेम्पोवाल्याशी काहीतरी बोलत होते, आवाज खाली ठेवून, जे त्यांना जमत नव्हतं.

सर ऑफिसात होते. मी आत गेले आणि उभी राहिले. बाटली त्यांच्या हातची होती. आयुष्यभर अल्कली केलेल्या माणसाला नोकरी लागून वर्षही न झालेल्या मुलीनं हे कसं सांगायचं, याचं मला कुणी प्रशिक्षण दिलेलं नव्हतं.

"सर, अल्कली हलकी पडलीय असं वाटतंय."

त्यांनी चष्मा काढला. "वाटतंय, की आहे?"

"तीन वेळा केलं. अकरा आठ येतंय."

"ऑक्झॅलिक कुणी तोललं?"

"मी."

"मग आता मी तोलतो," ते म्हणाले आणि उठले.

मला राग आला नाही. हेच करायला हवं होतं. त्यांनी नवीन तोललं, तराजूचं दार बंद करून काटा स्थिर होईपर्यंत श्वास धरून उभे राहिले. द्रावण केलं. ब्युरेट स्वतः धुतलं, अल्कलीनं खंगाळलं, भरलं. अकराच्या पुढे ते अर्ध्या अर्ध्या थेंबावर आले. रंग आला तेव्हा पात्र त्यांनी खिडकीकडे धरलं, खूप वेळ. मग म्हणाले, "वाच."

"अकरा आठ, सर."

ते स्टुलावर बसले. मग त्यांची नजर बाटलीच्या बुचाकडे गेली. त्या बुचात एक काचेची नळी असायची, आत चुन्यासारखे खडे भरलेली. बाटलीतून अल्कली खाली उतरली की तेवढी हवा वरून आत येते, आणि त्या हवेतला कार्बन डायऑक्साइड ते खडे अडवतात. दिवाळीच्या सुमारास धुताना ती नळी फुटली होती. नवीन येईपर्यंत म्हणून सरांनी कापसाचा बोळा लावला होता. नवीन आलीच नाही आणि बोळा तसाच राहिला. कापूस धूळ अडवतो, वायू अडवत नाही. बाटली रोज थोडी थोडी हवा पीत होती आणि रोज थोडी थोडी हलकी होत होती.

सरांनी बोळा काढला आणि तळहातावर धरून बघत राहिले.

"दर आठवड्याला ताडायला पाहिजे होती," ते म्हणाले. "माझ्या हातची आहे, म्हणून ताडली नाही."

मग ते उठून बाहेर गेले. मला वाटलं केंद्राच्या मॅनेजरांकडे गेले. पण ते सरळ बाकाशी गेले आणि आक्कांच्या समोर उभे राहिले.

"आक्का, तुमचं दूध चांगलं हाय. पहिल्यापासनं चांगलंच हुतं. आमचं औषध हलकं पडलंय, त्यामुळं आकडा खोटा येत हुता."

कोल्हापुरी बोलताना मी सरांना पहिल्यांदाच ऐकत होते. आक्कांनी त्यांच्याकडे मान वर करून बघितलं.

"म्हंजे मी काय मिसळलं न्हवतं."

"न्हाय."

"हे मला ठावंच हाय," आक्का म्हणाल्या. "मला कशाला सांगतासा? गावात येऊन सांगा."

चाचा पुढे झाले. "आक्का, मी सांगतो की गावात. सायबास्नी कशाला..."

"तू सांगितलंस तर म्हणतील, चाचानं मिटवलं. त्येंनी सांगायचं."

सर म्हणाले, "येतो."

मॅनेजर चांगले होते, पण सरांनी गावात जाऊन सांगणं त्यांना अति वाटलं. ते म्हणाले, फोन करून कळवू, पाहिजे तर पत्र देऊ. सरांनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "फोनवर गुलाबी दिसत नाही, साहेब." त्या दिवशी आम्ही उकळून गार केलेल्या पाण्यात नवी अल्कली केली, ताडली, दहाला दहा बरोबर आली तेव्हाच चिठ्ठी लावली. आणि दुसऱ्या दिवशी संकलन आटोपल्यावर चाचांच्या परत जाणाऱ्या टेम्पोत आम्ही दोघं बसलो. सर पुढे, मी मागे, मांडीवर ब्युरेटचा स्टँड आणि पायांमध्ये दोन बाटल्या, जुनी आणि नवी. ब्युरेट सरांनी स्वतःच्या हातात धरलं होतं, लहान मुलाला धरावं तसं.

रस्ताभर ऊसतोड चालली होती. ट्रॅक्टरमागं दोन दोन ट्रॉल्या, त्यांच्यामागं आम्ही. पुढं नदीचा वारा लागला आणि काळी जमीन सुरू झाली. गावात संस्थेसमोर फरशीचा कट्टा होता. चाचांनी सांगून ठेवलं होतं वाटतं, कारण माणसं जमली होती. बायका एका बाजूला भिंतीशी. आक्का त्यांच्यात नव्हत्या, थोड्या बाजूला एकट्या उभ्या होत्या. मला ते दिसलं, सरांनाही दिसलं.

कट्ट्यावर टेबल आलं. सरांनी स्टँड लावला. आक्कांची किटली मागितली आणि एकाच किटलीतलं दहा दहा मिली दूध दोन पात्रांत घेतलं.

"दूध एकाच म्हशीचं हाय. बघून घ्या," ते म्हणाले.

नव्या अल्कलीनं एक पूर्णांक सातला गुलाबी आलं. सरांनी पात्र पांढऱ्या कागदावर ठेवलं. मग ब्युरेट रिकामं करून, धुऊन जुनी अल्कली भरली. एक पूर्णांक सातला काही नाही. लोक पुढे सरकले. दोनला रंग आला. दोन्ही पात्रं शेजारी शेजारी, रंग तोच, दूध तेच, आकडे दोन.

मग संस्थेचे चेअरमन, फेट्यातले वयस्कर गृहस्थ, हाताची घडी सोडून म्हणाले, "सायेब, पावणं म्हणून आलासा, तरी इचारतो. दोन बाटल्या, दोन आकडे. त्यातली खरी कुठली, हे कशावरनं? नवी खोटी आणि जुनी खरी असंल तर?"

मला प्रश्न इतका आवडला की मी सरांकडे बघितलं. त्यांनाही आवडला होता. त्यांनी खिशातून ऑक्झॅलिकची छोटी बाटली काढली.

"बरोबर इचारलंसा. ह्यो तिसरा साक्षीदार. हे दूध न्हाय आणि सोडाबी न्हाय. हे तोलून केलंय, आणि हे हवेनं बदलत न्हाय. ह्याचं दहा घेतलं तर खऱ्या बाटलीचं दहा लागलं पाहिजे."

नवीचे दहा लागले. चेअरमननी स्वतः वाकून ब्युरेटवरची रेघ वाचली. जुनीचे अकरा पूर्णांक आठ.

"आता कुणाच्या मोबाइलवर गणित हाय?" सर म्हणाले.

चाचांनी मोबाइल काढला. सरांनी आकडे सांगितले आणि चाचांनी प्रत्येक आकडा कट्ट्यावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असा म्हणून दाबला. दहा. गुणिले शून्य टिंब एक. भागिले अकरा टिंब आठ. "शून्य टिंब शून्य आठ चार सात, आणि फुडं लई आकडं हायत," ते म्हणाले. "म्हंजे बाटली शंभरात पंध्रानं हलकी."

"व्हय," सर म्हणाले. "आणि ती बाटली माझ्या हातची हाय. ह्या बाईंच्या दुधात खोट न्हवती. आमच्या बाटलीत हुती."

ते हे सगळ्यांकडे बघून बोलले, आवाज न चढवता. मग त्यांना काय करावं सुचेना, म्हणून त्यांनी पात्रं धुवायला घेतली. मी मदतीला गेले. आमची पाठ लोकांकडे होती, त्यामुळे पुढचं मी बघितलं नाही, ऐकलं. चेअरमन म्हणाले, "आक्का, उद्यापासनं किटली आण." त्यावर आक्का म्हणाल्या, "आणतो. पण पयल्यांदा माझं दूध ओतायचं. आठवडाभर शेवटाला आलो म्हणून चोर झालो." कुणीतरी हसलं. मग भिंतीशी बसलेल्या बायकांतली एक म्हणाली, "आक्का, मळ्यातनं येताना हाक मार मला, संगट जाऊ." थोड्या वेळानं मी वळून बघितलं तेव्हा त्या दोघी शेजारी बसल्या होत्या.

चहा आक्कांच्या दुधाचा झाला. आक्कांनी मला कप देताना विचारलं, "पोरी, तुला कवा कळलं?"

"तुम्ही बाकावर बसलात तेव्हा."

"आणि कळलं नसतं तर?"

मी म्हणाले, "तुम्ही उठला नसता." त्यांनी मान हलवली, म्हणजे हे खरं आहे.

परतताना सर पुढच्या सीटवर मान टेकून बसले होते. मला वाटलं झोपले. पंचगंगेचा पूल आला तेव्हा मागं न वळता म्हणाले, "सोमवारपासून ताडायचं काम तुझं. माझी बाटली असो की तुझी."

ते निवृत्त झाले तेव्हापासून बाटल्या माझ्या आहेत. आता केंद्रावर एक यंत्रही आलंय. दूध घातलं की पडद्यावर आकडे उमटतात, रंगाची वाट बघावी लागत नाही. पण त्या यंत्रालाही अधूनमधून ताडावं लागतं, आणि ते ताडायला ब्युरेटच लागतं. दर सोमवारी मी ऑक्झॅलिकचे दहा मिली घेते.

मागच्या उन्हाळ्यात एका सकाळी चाचांचा टेम्पो बराच उशिरा आला. मी दूध पात्रात घेतलं तेव्हाच वास आला. उकळायला ठेवलं तर नळीत गुठळ्या धरल्या. तरी मी टायट्रेशन केलं. एकवीस. बाहेर जाऊन चाचांना सांगायचं मला जड गेलं. त्या गावचं दूध परत करायची वेळ मधल्या काळात एकदाही आली नव्हती.

"चाचा, आज घेता येणार नाही."

त्यांनी बाटलीबद्दल विचारलं नाही, पुन्हा करा असंही म्हटलं नाही.

"व्हय, मला वाटलंच," ते म्हणाले. "टायर फुटलतं शिरोळजवळ. उनात उभा राहिलो." आणि कॅनची झाकणं घट्ट लावून त्यांनी ते एकेक करून पुन्हा टेम्पोत चढवले.